छापून आलं, पण वाचलं कुणी? लहान विद्यापीठातलं सामाजिक शास्त्रांचं संशोधन

भुसावळचा उन्हाळा काय असतो हे बाहेरगावच्या माणसाला सांगून पटत नाही. अशा उकाड्यात जेवण लवकर आटोपून तुम्ही इथं आलात, त्याबद्दल आधी आभार.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. आज बोलताना आम्ही 'मी' म्हणणार नाही, 'आम्ही' म्हणणार आहोत. आम्ही म्हणजे खानदेशातल्या वेगवेगळ्या महाविद्यालयांत समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास शिकवणारे काही जण. बोलायला एक जण उभा असला तरी टिपणं सगळ्यांची आहेत, आणि चुकाही सगळ्यांच्याच आहेत.

विषयाला हात घालण्याआधी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सावदा भागात केळीच्या बागेत गेलो होतो. घड कापून गाडी भरणाऱ्या मजुरांशी बोलायचं होतं. हातात प्रश्नावली होती. तिथल्या एका वयस्कर बाईंनी आमचे कागद पाहिले आणि म्हणाल्या, "मागं पण दोन पोरं आले होते. असेच फॉर्म भरून नेले. त्याचं पुढं काय झालं?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या दोन मुलांचा प्रबंध झाला असेल, पदवी मिळाली असेल, कुठल्या तरी अंकात लेखही आला असेल. पण त्या बाईंपर्यंत काहीच परत आलं नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्यापर्यंतही आलं नव्हतं, आणि आम्ही त्याच विषयावर, त्याच तालुक्यात काम करत होतो! आजचं सगळं बोलणं त्या बाईंच्या प्रश्नाभोवती आहे. आपण अभ्यास करतो, छापतो. त्याचं पुढं काय होतं?

आपलं विद्यापीठ आणि आपला वारसा

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी सुरू झालं. त्याआधी आपली महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. जळगाव, धुळे आणि १९९८ साली वेगळा झालेला नंदुरबार, असे तीन जिल्हे त्याच्याकडे आहेत. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव दिलं गेलं.

या नावाचा आपण नीट विचार करत नाही असं आम्हाला वाटतं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. असोद्यात जन्मलेल्या, जळगावात शेतात आणि घरात राबलेल्या या बाईंच्या ओव्या कागदावर आल्या, कारण मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी त्या उतरवून घेतल्या. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपानं १९५२ साली आली. कुणी उतरवून घेतलं नसतं, कुणी छापलं नसतं, तर आज काहीच उरलं नसतं. म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या नावातच एक काम सांगितलेलं आहे: जे बोललं जातंय पण लिहिलं जात नाही, ते ऐका, उतरवा आणि लोकांपुढे ठेवा. सामाजिक शास्त्रांचं काम याहून फार वेगळं नाही.

आता कुणी म्हणेल, "सर, हे ठीक आहे. पण संशोधन, जर्नल वगैरे पुण्या-मुंबईची कामं. आपल्याकडे काय आहे?" म्हणून तीन गोष्टी सांगतो. तिन्ही इथल्याच आहेत.

पहिली धुळ्याची. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्याच्या शेवटच्या काळात धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथंच वारले. त्यांनी गोळा केलेली कागदपत्रं वाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून लगेच १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. मंडळाचं 'संशोधक' हे नियतकालिक धुळ्यातूनच निघालं. विद्यापीठ यायला तेव्हा अजून साठेक वर्षं होती.

दुसरी अमळनेरची. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयानं १९१६ साली तिथं तत्त्वज्ञान मंदिर सुरू झालं. या गावातून 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' नावाचं इंग्रजी त्रैमासिक निघायचं आणि देशभरातले तत्त्वज्ञ त्यात लिहायचे. पुढे पुणे विद्यापीठातून 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' निघू लागलं, ते याच वारशातून.

तिसरी गोष्ट कॉम्रेड शरद पाटलांची. धुळ्याचा हा माणूस कुठल्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हता. आदिवासींच्या, शेतमजुरांच्या चळवळीत काम करता करता त्यांनी संस्कृत व्याकरण शिकून घेतलं, जात आणि वर्ग यांबद्दल स्वतःची मांडणी केली आणि 'दास-शूद्रांची गुलामगिरी' लिहिलं. स्वतःचं मासिकही चालवलं. त्यांच्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत, पण जातीचा अभ्यास करणाऱ्याला त्यांना वगळून पुढं जाता येत नाही.

या तिघांत एक गोष्ट समान आहे. त्यांनी आधी प्रश्न धरला आणि मग छापायची सोय केली. आपल्याकडे गेल्या पंधरा-वीस वर्षांत हे उलटं झालं. छापायची सोय आधी झाली, प्रश्न मागे राहिला.

हे उलटं कसं झालं

यात कुणा एकाचा दोष नाही, आणि ही साखळी समजून घेतल्याशिवाय नुसतं चिडून उपयोग नाही.

२०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, शिक्षकांच्या नेमणुकीला आणि बढतीला गुणांची पद्धत लावली. एपीआय म्हणतात ती. शोधनिबंधाला इतके गुण, पुस्तकाला इतके, चर्चासत्राला इतके. हेतू चांगला होता, शिक्षकानं वाचावं-लिहावं असाच होता. पण तासिका तत्त्वावर काम करणारा, आठवड्याला दोन-तीन महाविद्यालयांत तास घेणारा, नॅकच्या फायली भरणारा शिक्षक आणि त्याच्यासमोर मुदत. शिवाय २०१६ च्या नियमात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यालाही प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापणं आणि दोन ठिकाणी निबंध वाचणं सक्तीचं झालं. देशभर एकदम लाखो लेखांची गरज तयार झाली. गरज तयार झाली की दुकान उघडतं.

या दुकानांना इंग्रजीत 'प्रेडेटरी', म्हणजे भक्ष्य शोधणारी नियतकालिकं म्हणतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी हा शब्द रूढ केला. ती पैसे घेतात, लेख वाचत नाहीत आणि छापून देतात. २०१३ साली 'सायन्स' या साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन यांनी एक मुद्दाम चुका भरलेला बनावट लेख ३०४ नियतकालिकांना पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला! त्यातली बरीच भारतातून चालणारी निघाली.

इथं आम्हाला आमची गोष्ट सांगायला हवी. आमच्यातल्या एकानं नोकरीच्या सुरुवातीच्या काळात अठराशे रुपये भरून असाच एक लेख छापला. सोमवारी पाठवला, शुक्रवारी 'स्वीकारला' म्हणून ईमेल आला, सोबत रंगीत प्रमाणपत्र. लेखात एक तक्ता चुकला होता, टक्केवारीची बेरीज एकशे चौदा येत होती. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कुणी वाचलाच नव्हता. तो अंक आज कुठं मिळत नाही, त्याची वेबसाइटही बंद पडली. त्या लेखातली माहिती खरी होती, त्यासाठी दोन उन्हाळे गावोगाव फिरणं झालं होतं. अठराशे रुपयांचं दुःख नाही, त्या दोन उन्हाळ्यांचं आहे.

यूजीसीच्या हे लक्षात आलं नाही असं नाही. २०१७ साली तिनं मान्य नियतकालिकांची यादी काढली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्यातल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या १००९ नियतकालिकांची तपासणी केली, तर सुमारे ८८ टक्के कमी दर्जाची निघाली. मे २०१८ मध्ये यादीतून ४३०५ नावं काढली गेली. त्यानंतर 'यूजीसी केअर' यादी आली. ती २०१९ पासून चालली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाल्याचं जाहीर झालं. आता कुठलं नियतकालिक चांगलं हे ठरवायची जबाबदारी संस्थांवर आणि पर्यायानं आपल्यावर आहे. दुसरीकडे २०२२ च्या पीएच.डी. नियमांत लेख छापण्याची ती देशपातळीवरची सक्ती राहिली नाही. विद्यापीठ स्वतःची अट घालू शकतं, तेव्हा आपल्याकडे आज काय नियम आहे ते विद्यापीठात विचारून घ्या, कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

म्हणजे एका अर्थानं ही संधी आहे. सक्तीचा धाक कमी झाला, यादीचा आधारही गेला. आता तरी आपण स्वतः वाचून ठरवू या.

ओळखायचं कसं

मुलं विचारतात, "सर, त्याला आयएसएसएन आहे, मग चांगलंच असेल ना?" नाही. आयएसएसएन हा नियतकालिकाचा आठ अंकी नोंदणी क्रमांक आहे. गाडीला नंबर असतो तसा. नंबर प्लेटवरून गाडीचे ब्रेक चालतात का हे कळतं का? डीओआय हा एकेका लेखाचा कायमचा पत्ता. तोही दर्जा सांगत नाही. 'इम्पॅक्ट फॅक्टर' म्हणाल तर मूळ आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी काढते. तिच्या यादीत नाव नसताना मुखपृष्ठावर 'इम्पॅक्ट फॅक्टर ७.४' असं छापलेलं दिसलं, तर तो आकडा आला कुठून हे विचारायला हवं.

मग पाहायचं काय? चार गोष्टी.

एक, मागचे अंक वाचा. नुसते चाळू नका, आपल्या विषयावरचे दोन लेख पूर्ण वाचा. एकाच अंकात सोयाबीनवरची कीड, कबीर, जीएसटी आणि खो-खो असं सगळं असेल तर संपादक हे सगळं वाचत नसणार.

दोन, संपादक मंडळातल्या एखाद्या माणसाचं नाव त्याच्या स्वतःच्या संस्थेच्या पानावर शोधा. पुष्कळदा त्या माणसाला आपलं नाव तिथं आहे हेच माहीत नसतं.

तीन, समीक्षणाला किती वेळ लागतो ते पाहा. चांगल्या ठिकाणी लेख दोन जाणकार वाचतात. लेखक कोण हे त्यांना सांगितलेलं नसतं, ते कोण हे आपल्याला कळत नाही. ते शंका काढतात, आपण दुरुस्त करतो, पुन्हा पाठवतो. याला महिने लागतात, कधी वर्षही लागतं. पाच दिवसांत कुणी 'स्वीकारलं' म्हटलं तर समजून घ्या.

चार, पैसे. फी घेणारं प्रत्येक नियतकालिक खोटं नसतं, हे खरं. पण सामाजिक शास्त्रांत पैसे न घेणारी चांगली ठिकाणं पुष्कळ आहेत. मुंबईहून निघणारं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' लेखकाकडून छपाईचे पैसे घेत नाही. मराठीत 'समाज प्रबोधन पत्रिका' आहे, वाईहून निघणारं 'नवभारत' आहे, मराठी अर्थशास्त्र परिषदेचं 'अर्थसंवाद' आहे. तिथं लेख परत येऊ शकतो. येऊ द्या. परत आलेल्या लेखासोबत दोन ओळींचा अभिप्राय आला, तरी तो अठराशे रुपयांच्या प्रमाणपत्राहून मोलाचा आहे.

आणखी एक धोका. कॉपी. २०१८ च्या यूजीसी नियमांप्रमाणे प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. दहा ते चाळीस टक्के आढळलं तर दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावं लागतं. चाळीस ते साठमध्ये एक वर्ष थांबावं लागतं. साठच्या पुढे नोंदणीच रद्द होते. आता मराठी मजकूर यंत्राला नीट पकडता येत नाही म्हणून काही जण निर्धास्त असतात. तसं राहू नका. २००९ पासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागते आणि प्रबंध 'शोधगंगा'वर जातात. तिथं ते कुणीही, कधीही उघडून वाचू शकतं.

लहान असण्याचा फायदा

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. लहान विद्यापीठ म्हणजे काय कमी आहे हे आपल्याला पाठ आहे. जागा रिकाम्या, मार्गदर्शक कमी, ग्रंथालयात जुनी पुस्तकं. हे खरंच आहे आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण निदान वाचनाची अडचण पूर्वीएवढी राहिलेली नाही. महाविद्यालयांसाठी 'एन-लिस्ट' आहे. जानेवारी २०२५ पासून केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली. तिच्यात सरकारी उच्चशिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं वाचायला मिळतात. आपल्या महाविद्यालयात यातलं काय चालू आहे ते ग्रंथपालांना विचारा. विचारणारे फार थोडे असतात, असं ग्रंथपालच आम्हाला सांगतात.

पण आपल्याकडे जास्त काय आहे हे आपण मोजतच नाही. आपल्याकडे जवळीक आहे. दिल्लीचा अभ्यासक रावेरला येतो, चार दिवस राहतो आणि जातो. आपण तिथंच राहतो. एक प्रश्न आज विचारला, उत्तर पटलं नाही, तर पुढच्या शनिवारी पुन्हा जाता येतं. केळीचा हंगाम लागल्यापासून संपेपर्यंत पाहता येतो. आणि भाषा! छापील मराठीत "आपले वार्षिक उत्पन्न किती?" असं विचारलं की माणूस छापील उत्तर देतो, नाहीतर गप्प बसतो. "औंदा कसं पिकलं?" म्हटलं की बोलायला लागतो. अहिराणी, तावडी, लेवा गणबोली घरात बोलणारी मुलं आपल्या वर्गात आहेत. सातपुड्याकडून येणारी पावरा, भिल्ल, तडवी मुलं-मुली आहेत. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. त्यांच्याबद्दल बाहेरच्यांनी पुष्कळ लिहिलं. त्यांच्यातल्या मुलीनं स्वतः लिहिलेलं किती आहे?

याउलट आमच्याकडे येणारे विषय बघा. "भारतातील महिला सबलीकरण : एक चिकित्सक अभ्यास." "जागतिकीकरणाचा भारतीय समाजावरील परिणाम." एवढ्या मोठ्या विषयावर भुसावळात बसून नवं काय सांगणार? मग इकडून-तिकडून उतारे येतात. विषय मोठा घेतला की काम लहान होतं, हे आमच्या अनुभवाचं सार आहे.

एक विषय आपण इथंच उलगडून पाहू. विद्यार्थी म्हणतो, "जळगाव जिल्ह्यातील केळी उत्पादकांच्या समस्या." जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्यावर प्रबंधही झाले. आम्ही त्याला विचारतो, तुझ्या घरी केळी आहे ना? वडील कशाबद्दल सगळ्यात जास्त चिडतात? तो लगेच म्हणतो, "बोर्डावर भाव एक असतो आणि हातात दुसराच पडतो." झालं! हाच प्रश्न. जाहीर झालेला बोर्डभाव आणि शेतकऱ्याला प्रत्यक्ष मिळालेला भाव, यात किती अंतर असतं? कुणाला जास्त पडतं, कुणाला कमी? माल ज्या दिवशी कापायलाच हवा, त्या दिवशी ते वाढतं का?

आता साधन काय? पावत्या. तीन गावं, वीस-पंचवीस शेतकरी, एक पूर्ण हंगाम. प्रत्येक कापणीची तारीख, घडांचं वजन, बोर्डभाव, मिळालेला भाव, पैसे किती दिवसांनी आले. व्यापाऱ्याशीही बोलायचं, कारण त्याचीही बाजू असते; दर्जा, वाहतूक, पुढच्या बाजारातली घसरण. शेवटी प्रामाणिकपणे लिहायचं की ही तीन गावांची गोष्ट आहे, जिल्ह्याची नाही. वीस शेतकऱ्यांवरून जिल्ह्याचा निष्कर्ष काढायचा मोह होतो, तो टाळायचा. एवढं नीट केलं तर हे काम कुणालाही, कुठंही दाखवता येतं.

लहान गावाच्या अभ्यासाला कोण विचारतो असं वाटत असेल, तर हॅरॉल्ड मान यांचं उदाहरण बघा. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य असताना त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या एका गावाचा अभ्यास केला. कुणाकडे किती जमीन, तिचे तुकडे कसे पडले, कर्ज किती. ते पुस्तक १९१७ साली आलं. आज तिथं उंच इमारती उभ्या आहेत, ते गाव उरलेलं नाही. पण शंभर वर्षांपूर्वीचा दख्खनचा शेतकरी समजून घ्यायचा तर अजूनही त्या एका गावाच्या नोंदींकडे जावं लागतं.

आता आपल्या गावाकडे बघा. भुसावळ रेल्वेनं घडवलं. मुंबईहून येणारा मार्ग इथं फुटतो, एक नागपूरकडे, एक खंडवा-इटारसीकडे. दक्षिणेतून, उत्तरेतून, कोकणातून माणसं नोकरीला आली आणि इथलीच झाली. कोळशाच्या इंजिनावर काम केलेले फायरमन, ड्रायव्हर आज ऐंशीच्या घरात आहेत. रेल्वे क्वार्टर्समधलं जगणं, १९७४ चा रेल्वे संप, त्या काळात घर चालवणाऱ्या बायका, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. दर महिन्याला त्यातला एकेक जण जातो. हा अभ्यास करायला परदेशी शिष्यवृत्ती लागत नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करता येतं, परवानगी घ्यायची, तारीख-ठिकाण लिहायचं आणि एक प्रत ग्रंथालयात ठेवायची. पण हे पुढच्या वर्षावर ढकलता येणार नाही.

मराठीत की इंग्रजीत

हा प्रश्न दरवेळी येतो. आमचं म्हणणं, दोन्हींत, पण एकच मजकूर दोनदा नाही. इंग्रजीत लिहिलं तर बंगालचा किंवा ब्राझीलचा केळी अभ्यासक वाचू शकतो. तिथं आपल्याला आपल्या प्रश्नाची इतरांच्या प्रश्नाशी तुलना करावी लागते. मराठीत लिहिलं तर धुळ्याचा शिक्षक, बाजार समितीचा माणूस, गावातली शिकलेली सून वाचू शकते. तिथं एखादी चूक झाली तर लगेच पकडली जाते, कारण वाचणाऱ्याला गाव माहीत असतं. इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांवरचं मोठं काम इंग्रजीत केलं आणि मराठीतही भरपूर लिहिलं. एकामुळे दुसरं कमी झालं नाही.

आणि तिसरा एक वाचक, ज्याला आपण विसरतो. ज्यानं माहिती दिली तो. त्याच्यासाठी दोन पानं पुरतात. काय विचारलं, काय आढळलं, काय कळलं नाही. गावात पारावर, नाहीतर ग्रामपंचायतीत वाचून दाखवायची. आम्ही हे अलीकडे सुरू केलंय. पहिल्याच वेळी एका गावात लोकांनी आमचा एक निष्कर्ष तिथल्या तिथं खोडून काढला. मजुरीचा दर आम्ही दिवसाचा धरला होता, तिथं तो गाडीवर ठरत होता. आमचा लेख अजून छापायला गेला नव्हता म्हणून वाचलो! त्या दिवशी आम्हाला समीक्षण म्हणजे काय ते नव्यानं कळलं.

वेळ झाली आहे, श्रोत्यांमधून दोन चिठ्ठ्या आल्यात, तेवढ्या घेतो.

पहिली एका पालकांची आहे. "मुलगी एम.ए. झाली, पीएच.डी. करायची म्हणते. नोकरीची खात्री नाही. करू द्यावं का?" ताई, खोटं सांगणार नाही. खात्री नाही. कायम जागा कमी निघतात, आमचेच विद्यार्थी पीएच.डी. होऊन तासिका तत्त्वावर राबतायत. नोकरीसाठीच करायचं असेल तर सेट-नेट आणि इतर परीक्षांची तयारी सोबत चालू ठेवायला सांगा. पण तिला एखादा प्रश्न खरंच छळत असेल, तर अडवू नका. फक्त दोन गोष्टी बघा. गाईड भेटायला वेळ देतात का, आणि तिचा विषय तुम्हाला घरी बसून समजेल अशा भाषेत तिला सांगता येतो का. तुम्हाला समजला तर विषय चांगला आहे.

दुसरी चिठ्ठी: "पैसे देऊन आधीच छापलेल्या लेखाचं काय करायचं?" यादीत ठेवायचा की नाही ते नियमाप्रमाणे ठरवा, पण त्यातली माहिती मरू देऊ नका. मूळ नोंदी काढा, नव्यानं तपासा, नव्या प्रश्नानं पुन्हा लिहा आणि आधीच्या लेखाचा उल्लेख उघडपणे करा. आमच्या त्या एकशे चौदा टक्केवाल्या लेखाचं आम्ही सध्या हेच करतोय. तक्ता दुरुस्त झालाय. पावसाळ्याआधी सावद्याला जाऊन त्या बाई भेटतात का ते बघणार आहोत, म्हणजे या वेळी तरी त्यांना सांगता येईल, पुढं काय झालं ते.